शेपटीचा तारा

१९१० साली हॅलेचा धूमकेतू दिसला तेव्हा आमची आजी दहा वर्षांची. सारं गाव पहाटे उठून बघायचं, असं ती सांगायची. माणसं भ्यालेली, पण एकमेकांना धरून होती.

शहात्तर वर्षांनी, १९८६च्या मार्चात, पहाटे उसाला दारं धरताना आग्नेयेला मला धुरकट ठिपका दिसला. एकटाच होतो. खरा का भास, विचारणार कुणाला? घरी पळालो, आजीला पाठीवर घेऊन बांधावर आणलं. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू. तिचं बोट धरून दिशा दाखवली.

"व्हय रं, त्योच हाय," ती म्हणाली.

तिला काहीच दिसलं नव्हतं. तरी माझी खात्री पटली.

आता तो २०६१ साली येईल. मी नसेन. नातवाला सांगून ठेवलंय, एकट्यानं बघू नको.