जव्हार प्रांतींची धान्यसाठवण

गडांवरील अंबरखान्यांची चर्चा आमच्या वाचकांस नवी नाही. पन्हाळ्यावरील गंगा, यमुना व सरस्वती या कोठ्यांपैकी एकट्या गंगा कोठीत सुमारे २५,००० खंडी धान्य मावे, असे सांगतात. वेढा पडला असता किल्ला तोफांइतकाच या धान्यावर तगे. रयतेच्या कोठारास मात्र दगडी भिंत नव्हती, म्हणून त्याचा इतिहासही फारसा लिहिला गेला नाही.

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांत हे कोठार म्हणजे कणगी होय. बांबूच्या कामट्यांनी ती विणावयाची व शेणमातीने सारवून फटी बुजवावयाच्या, म्हणजे ओल व किडा आत शिरत नाही. तीत भरावयाची नागली दाण्याने बारीक व कठीण. किडीस ती सहसा दाद देत नाही आणि नीट वाळविल्यास वर्षानुवर्षे टिकते. दुष्काळास भातापेक्षा हीच ठेव अधिक भरवशाची.

तथापि कणगी आधी भरावी लागते. जव्हार संस्थान इ. स. १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले. पुढे १९९२ साली याच मुलखातील वावर-वांगणी येथे कुपोषणाने पुष्कळ बालके दगावली. साठवणीची विद्या होती. साठवावयास धान्य नव्हते.

सबब संस्थानी कागद जमविणारांस आमची विनंती आहे की, सनदा-महजरांबरोबर खावटीचे रोखे व धान्याचे हिशेबही जपावे. गड किती दिवस लढेल हे अंबरखान्यावरून कळे. गाव कोणत्या महिन्यापासून उपाशी राही, हे या रोख्यांवरून कळेल.