भोपळ्याचं बाळ

जुलाब लागले की बाळाचं पाणी बंद करायचं, ही समजूत आपल्याकडेही होती. १९७८ मध्ये लंडनमध्ये डेव्हिड मॉर्ले वगैरेंनी ‘चाइल्ड टू चाइल्ड’ सुरू केलं: पोरांनी पोरांना आरोग्य शिकवायचं. मेक्सिकोतल्या आहोया या डोंगरी गावात डेव्हिड वर्नर यांच्या प्रकल्पाने ते करून पाहिलं.

मुलांच्या हाती पाण्याने भरलेला भोपळा दिला. वरच्या भोकावर ओलं फडकं, खाली बूच. बूच काढलं, पाणी वाहिलं, फडकं आत गेलं. हीच की खोल गेलेली टाळू! जेवढं गेलं तेवढं भरायचं, हे पाठ करावं लागलं नाही. धाकट्या भावंडांना सांभाळणारी तर हीच पोरं!

आपल्या शाळांत हात धुण्याचा दिवस होतो, फोटो निघतात. मी तेच छापतो. पण गुरुजी, पोरांच्या हाती भोपळा कधी देताय?