तळटीप १४ : ‘काल ई, आज एफ’

१४. काल ‘ई’, आज ‘एफ’ : अनसिंगच्या (ता. व जि. वाशिम, १ जुलै १९९८ पूर्वी अकोला जिल्हा) सेवा केंद्रातला हा उल्लेख विंडोजमधील ड्राइव्हच्या अक्षरांचा आहे. ‘ए’ व ‘बी’ ही अक्षरे फ्लॉपीसाठी राखीव, ‘सी’ हार्डडिस्कची. नंतर जोडलेल्या पेनड्राइव्हला पुढचे रिकामे अक्षर मिळते. ते संगणकाच्या नोंदीत राहते, पेनड्राइव्हमध्ये नाही. म्हणून शेजारच्या संगणकावर तोच पेनड्राइव्ह वेगळ्या अक्षराने उघडतो, आणि आपले अक्षर दुसऱ्या ड्राइव्हने आधीच घेतले असेल तर त्याच संगणकावरही.

पुढच्या परिच्छेदातील ‘बॉस’ म्हणजे सी-डॅकने २००७ मध्ये आणलेली, डेबियनवर आधारलेली भारतीय लिनक्स प्रणाली. लिनक्समध्ये ‘एसडीबी’, ‘एसडीसी’ ही नावे उपकरण सापडण्याच्या क्रमाने पडतात, त्यामुळे तीही भरवशाची नाहीत. ‘युडेव्ह’ ही व्यवस्था मात्र त्याच उपकरणाला आणखी स्थिर नावे जोडून देते: वापरणाऱ्याने दिलेले लेबल, फॉरमॅट करताना तयार होणारा क्रमांक, किंवा उत्पादकाने घातलेला अनुक्रमांक. फॅट पद्धतीच्या पेनड्राइव्हवर फॉरमॅटचा हा क्रमांक आठ चिन्हांचा असतो आणि पुन्हा फॉरमॅट केल्यावर बदलतो. याच क्रमांकाने पेनड्राइव्ह शोधणारी लेखकाची बॅकअपची आज्ञा अचानक बंद पडली ती यामुळेच. अनुक्रमांक फॉरमॅटनंतरही टिकतो, पण काही स्वस्त पेनड्राइव्हवर तो नसतोच.