हातशिलाई

हातशिलाई म्हणजे शिलाई यंत्राचा वापर न करता सुई व दोऱ्याने केलेले शिवणकाम. मराठीत हा शब्द दोन अर्थांनी योजला जातो. व्यापक अर्थाने धावदोरा, टीप, काज अशा हाताने घातलेल्या सर्व टाक्यांचा त्यात समावेश होतो. मर्यादित आणि शिंपीकामात अधिक रूढ असलेल्या अर्थाने, कपड्याची किंवा पडद्याची कापलेली कड आत दुमडून, दर्शनी बाजूस टाका दिसू नये अशा रीतीने ती शिवणे म्हणजे हातशिलाई होय. शिंपी यालाच 'हेम घालणे' किंवा 'हेमिंग' म्हणतात. 'तुरपाई' हा हिंदी शब्द मध्य प्रदेशाला लागून असलेल्या खानदेशात सहज समजला जातो. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या अर्थाच्या हातशिलाईचे, मुख्यतः जळगाव व धुळे जिल्ह्यांतील घरगुती वापराच्या अनुषंगाने, वर्णन केले आहे.

कड दुमडण्याची गरज

मागावर विणलेल्या कापडाच्या लांबीकडील दोन्ही बाजूंना किनार असते. बाणा, म्हणजे आडवा धागा, तेथे वळून परत फिरतो. त्यामुळे किनारीचे धागे सुटत नाहीत. कात्रीने कापलेल्या कडेला असा आधार नसतो. ती प्रत्येक धुण्यागणिक थोडी थोडी विसकटत जाते. धोतर व नऊवारी लुगडे ही वस्त्रे मागावरून उतरतात तशीच नेसली जात असल्याने त्यांना शिवणीची गरज जवळजवळ नव्हती. परकर, पोलके, सदरा, विजार असे कापून बेतलेले कपडे वापरात आले की कडेचा प्रश्न उभा राहतो. दारा-खिडक्यांच्या पडद्यांच्या बाबतीतही तेच होते, कारण त्यांचे कापड थानातून फाडून घेतलेले असते.

यंत्राची टीप झटपट होते व मजबूत असते. मात्र ती दर्शनी बाजूवर सरळ रेषेत उमटते आणि उसवताना सुताला इजा होण्याचा धोका असतो. हातशिलाईचा टाका दर्शनी बाजूचे केवळ एक-दोन धागे उचलतो. तो दिसत नाही, आणि दोरा कापून ओढला की कापडाला धक्का न लागता सुटतो.

माया

दुमडीत राखून ठेवलेल्या जास्तीच्या कापडाला शिवणकामात 'माया' म्हणतात. ममतेसाठीचाच हा शब्द कापडाच्या राखीव भागासाठी कसा रुळला असावा, हे वाढत्या अंगाचे कपडे शिवणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. मुलींच्या परकराला अथवा झग्याला आणि मुलांच्या विजारीला खाली पाच ते आठ सेंमी माया ठेवून ती हाताने शिवत. जून महिन्यात शाळा सुरू होण्यापूर्वी टाके उसवून कपडा खाली सोडला जाई व नवी, लहान दुमड घातली जाई. एकच झगा दोन-तीन वर्षे, आणि पुढे धाकट्या बहिणीला परत दुमडून, वापरता येत असे. ज्या घरात वर्षाकाठी एकदाच, बहुधा दिवाळीला, नवे कापड येई, तेथे ही सोय नव्हे, गरज होती. तयार कपड्यांच्या उत्पादनात कापड वाचवण्यासाठी माया कमीत कमी ठेवली जाते. त्यामुळे असे कपडे बहुधा सोडता येत नाहीत, फक्त आखूड करता येतात.

खानदेशातील वापर

तापी, गिरणा व पांझरा यांच्या खोऱ्यांतील काळी जमीन कापसासाठी प्रसिद्ध आहे. जळगाव, अमळनेर, चाळीसगाव आणि धुळे येथे कापड गिरण्याही होत्या. घराघरांतून मांजरपाटासारखे जाडेभरडे सुती कापड वापरले जाई. असे कापड पहिल्या धुण्यात आटते. म्हणून ते रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून मगच बेतण्याचा प्रघात पडला. न भिजवता घातलेली हेम धुतल्यानंतर आकसते आणि कपड्याचा घेर खालून वाकडा दिसतो.

शिंपीकाम हा येथील शिंपी समाजाचा परंपरागत व्यवसाय असून त्यात अहिर शिंपी व नामदेव शिंपी हे समाज येतात. संत नामदेव हे शिंपी कुळातील होते. गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट असलेल्या त्यांच्या पदांत गज, कात्री, सुई व धागा या साधनांची रूपके आढळतात.

आज दोन्ही जिल्ह्यांत हातशिलाईचा सर्वाधिक वापर साडीला फॉल लावण्यासाठी आणि ब्लाउज पुरा करण्यासाठी होतो. नऊवारीचा कासोटा घातला जात असल्याने तिला फॉलची आवश्यकता नसते. पाचवारी किंवा सहावारी साडीच्या निऱ्या पायाशी घासतात, तेथे काठ विरू नये व निऱ्या जड होऊन नीट पडाव्यात, यासाठी आतून सुती पट्टी लावतात. ही पट्टी सुमारे अडीच ते पावणेतीन मीटर लांब आणि १२ ते १३ सेंमी रुंद असते. सुरतेहून येणाऱ्या कृत्रिम धाग्यांच्या हलक्या साड्यांना तर फॉलवाचून झोक येत नाही. फॉल आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करावा लागतो. साडी आटत नाही आणि फॉल आटतो, म्हणून ही पायरी गाळली की काठाला चुण्या पडतात. साडीच्या दोन्ही टोकांना यंत्रावर पिको करतात, फॉल मात्र हाताने लावलेला चांगला मानला जातो. यंत्राने लावलेल्या फॉलची टीप काठावर उघडी दिसते.

या कामाचा मोठा भाग घरी बसून करणाऱ्या स्त्रियांकडे असतो. शिवणाचे दुकान ब्लाउज यंत्रावर जोडून देते. गळ्याची पट्टी, बाह्या व घेर यांची हेम आणि हूक-आयलेट हे हातकाम नगावर मोलाने घरी दिले जाते. लग्नसराईत, आखाजीच्या सुमारास आणि दिवाळीपूर्वी ही मागणी वाढते. तयार ब्लाउजच्या शिलाईचा दर ग्राहकाला ठाऊक असतो; त्यातील हातकामाचा वाटा किती, हे क्वचितच विचारले जाते.

गोधडीचे काम याहून निराळे आहे. तेथे जुन्या लुगड्यांचे थर धावदोऱ्याने जोडतात आणि टाका दिसणे हा दोष न राहता शोभा ठरते.

कृती

हातसुईचा क्रमांक जितका मोठा तितकी सुई बारीक असते. यंत्राच्या सुईत हा क्रम उलट असल्याने नवशिक्यांचा गोंधळ होतो. सुती कापडाला सुती दोरा व मध्यम सुई, तलम साडीला बारीक सुई घेतात. दोरा एकेरी आणि सुमारे हातभर, म्हणजे ४५ सेंमी, असावा. त्याहून लांब दोरा पिळला जातो आणि गुंता होतो. जाड कापडासाठी मधल्या बोटात अंगुस्तान घालतात.

प्रथम कड अर्धा ते एक सेंमी आत दुमडून इस्त्रीने अथवा नखाने घडी पक्की करतात. त्यानंतर हव्या त्या रुंदीची दुसरी दुमड घालून ती टाचण्या किंवा कच्च्या दोऱ्याने धरून ठेवतात. गाठ दुमडीच्या आत लपवून सुई बाहेर काढतात, तिने मुख्य कापडाचा एक किंवा दोन धागे उचलतात आणि तिरकी नेऊन दुमडीच्या कडेतून बाहेर काढतात. दोन टाक्यांतील अंतर अर्धा ते एक सेंमी असते. दोरा सैलसर ठेवावा लागतो. तो ताणला की दर्शनी बाजूस खळगे पडतात. दर वितीच्या अंतरावर एक टाका दुहेरी घालतात, म्हणजे दोरा तुटला तरी सगळी कड उसवत नाही. जोडवी किंवा पैंजण अडकून साडीची हेम उसवण्याचा प्रकार नेहमीचा आहे. अशा वेळी हा दुहेरी टाका उपयोगी पडतो.

लोकरी किंवा जाड कापडाची कड दोनदा दुमडल्यास फुगते. तेथे एकच दुमड घालून, भरतकामात हेरिंगबोन म्हणतात तसा फुलीसारखा उलटा टाका घालतात. ओढणी व हातरुमाल यांची कड बोटांनी वळून, वातीसारखी गुंडाळून शिवली जाते.

पडदे

पडद्याची खालची दुमड आठ ते दहा सेंमी ठेवतात. तिच्या वजनाने पडदा सरळ पडतो व पुढे आटल्यास सोडायला कापड उरते. पडदा दांडीवर एक-दोन दिवस लटकवून मग खालची कड आखणे श्रेयस्कर असते, कारण सैल विणीचे कापड स्वतःच्या भाराने खाली उतरते. माप जमिनीपासून वर घेतात. जुन्या घरांतील जमीन समपातळीत नसल्यास पडद्याच्या दोन टोकांची मापे वेगळी भरतात. कोपऱ्यात बाजूची व खालची दुमड एकावर एक आल्याने जो गोळा होतो, तो टाळण्यासाठी कोपरा आधी तिरका दुमडून घेतात. खानदेशातील कडक उन्हाळ्यासाठी लावलेल्या जाड पडद्यांना दुहेरी दोरा व जाड सुई लागते; गोणपाटाला सुईऐवजी दाभण वापरतात.

इस्त्रीने चिकटणारी पट्टी हा सुईविना उपाय बाजारात मिळतो. हलक्या पडद्याला ती पुरते, परंतु वारंवार गरम पाण्यात धुतल्यास सुटू लागते, आणि काढल्यावर तिचा चिकट अंश कापडावर राहू शकतो.

मर्यादा

ताणल्या जाणाऱ्या होजिअरी कापडावर साधा हेमटाका तुटतो. जीन्सच्या दुहेरी शिवणीतून हातसुई जाणे कठीण असते. मोठ्या लांबीच्या कामाला वेळही फार लागतो. जुनी दुमड सोडल्यावर घडीच्या जागी फिकट रेघ राहते. ती केवळ सुरकुती असेल तर पांढऱ्या व्हिनेगरच्या पाण्याने ओलसर करून इस्त्री केल्यास बरीच जाते. रंगच उडालेला असेल तर ती जात नाही, आणि तिच्यावर लेस, फीत किंवा रंगीत दोऱ्याची ओळ घालून ती झाकतात.