एका प्रवासखर्चाचा हिशोब

भंडारदऱ्याला गेलात तर विल्सन धरणाच्या भिंतीजवळ उभे राहून जलाशयाकडे बघा. स्वच्छ ऊन असेल तर पाणी निळं दिसतं. का? बहुतेक जण म्हणतील, आकाशाचं प्रतिबिंब, दुसरं काय! १९२१ साली प्रवरेवर हे धरण अजून बांधलं जात होतं (काम १९१० ते १९२६ चाललं), तेव्हा भौतिकशास्त्रातले मोठे लोकही समुद्राबद्दल हेच म्हणत. लॉर्ड रॅले यांचं मत तेच होतं.

त्याच वर्षी कलकत्ता विद्यापीठाने आपल्या एका प्राध्यापकाला ऑक्सफर्डच्या विद्यापीठ परिषदेला प्रतिनिधी म्हणून पाठवलं. ते चंद्रशेखर वेंकट रामन, वय ३२. वाटेत भूमध्य समुद्राची गर्द निळाई त्यांच्या डोळ्यांत भरली. परतीच्या प्रवासात 'नारकुंडा' बोटीवर त्यांच्याजवळ निकोल प्रिझम होता. पृष्ठभागावरून ठराविक कोनात परावर्तित होणारा प्रकाश ध्रुवित असतो, त्यामुळे प्रिझम फिरवून तो अडवता येतो. रामन यांनी आकाशाचं प्रतिबिंब असं पुसून टाकलं. निळा रंग गेला नाही, उलट जास्त खुलला! बोट मुंबई बंदरात असतानाच त्यांनी 'नेचर'साठी टिपण लिहिलं : पाण्याचे रेणूच प्रकाश विखुरतात. (पाणी तांबडा प्रकाश शोषतं, हाही निळाईमागचा मोठा भाग आहे.)

आता पुढची साखळी बघा. कलकत्त्यात हा प्रश्न विद्यार्थ्यांच्या हाती गेला. १९२३ मध्ये के. आर. रामनाथन यांना विखुरलेल्या प्रकाशात रंग बदललेला एक क्षीण अंश दिसला. १९२८ मध्ये रामन आणि के. एस. कृष्णन यांनी त्याचा उलगडा केला. १९३० मध्ये नोबेल मिळालं. १९६० मध्ये लेसर आला आणि १९६२ मध्ये वुडबरी व एन्ग यांना रुबी लेसरवर काम करताना नायट्रोबेन्झिनमधून एक अनपेक्षित तीव्र तरंगलांबी मिळाली. तोच रामन परिणाम, पण 'उद्दीपित'. अरेखीय प्रकाशिकीच्या पाठ्यपुस्तकात आज त्यावर वेगळं प्रकरण असतं.

म्हणजे एका परिषदेच्या प्रवासखर्चातून काय निघालं, याचा हिशोब चाळीस वर्षांनीही पुरा झाला नव्हता.

पण इथे एक गोष्ट लपवायची नाही. रामन विद्यार्थी नव्हते, पालित प्राध्यापक होते. रामनाथन आणि कृष्णन त्या बोटीवर नव्हते. पैसा आधी नाव असलेल्याकडे जातो, ही रीत जुनीच आहे. आजही लेसर परिषदेसाठी प्रवास-अनुदान मिळालं, तरी अनेकदा आधी स्वतः खर्च करा, मग बिलं जोडून परत घ्या, अशी अट असते. ज्याच्या घरी तिकिटाएवढी रक्कम बाजूला पडलेली नाही, त्याचा पेपर मंजूर होऊनही तो घरीच राहतो. अकोले तालुक्यातल्या मुलीला 'नंतर मिळेल' याचा उपयोग काय?

म्हणून अर्ज करताना दोन गोष्टी करा. आगाऊ रक्कम मिळते का, हे लाज न बाळगता पहिल्याच पत्रात विचारा. आणि 'परिषदेला का जायचंय' या रकान्यात 'अनुभव मिळेल' असं लिहू नका. तिथे कुणाला कोणता प्रश्न विचारणार, ते लिहा. रामन यांच्या खिशात प्रिझम होता, कारण प्रश्न आधीच डोक्यात होता.