शिरस्त्राणाचें अस्तर

महाशिवरात्रीच्या यात्रेसाठीं कुणकेश्वरास गेलों असतां आम्हीं एका परिचितांच्या घरीं उतरलों होतों. परसांत कोंबड्यांना पाणी पिण्यासाठीं एक पसरट लोखंडी भांडें ठेविलेलें दिसलें. जवळ जाऊन पाहतों तों तें ब्रिटिश फौजेचें शिरस्त्राण! घरधन्याचे आजोबा मराठा लाइट इन्फंट्रींतून इटलीच्या रणांगणावर गेले होते, एवढीच आठवण घरांत उरली होती. “आतलां कापड कुसलां, म्हणान टाकून दिलां,” असें घरच्या वृद्ध बाईंनीं सांगितलें. आम्हांस हळहळ वाटली.

कारण अशा टोपाचा इतिहास पोलादापेक्षां अस्तरांत अधिक सांपडतो. या टोपाचें पेटंट जॉन ब्रोडी यांनीं 1915 सालीं घेतलें. पहिल्या महायुद्धांत अस्तर माथ्याशीं रिव्हेटनें कायमचें जडवीत. हनुवटीखालचा पट्टा चामड्याचा असे. 1938 च्या सुमारास आलेल्या दुसऱ्या नमुन्यांत अस्तर एका स्क्रूवर बसूं लागलें, म्हणजे तें बदलतां येऊं लागलें. अस्तरावर बहुधा कारखान्याची खूण, माप व साल छापलेलें असे.

येथेंच नवखा संग्राहक फसतो. पोलाद पहिल्या युद्धाचें आणि अस्तर 1939 चें दिसलें कीं तो त्यास बनावट ठरवितो. परंतु दुसरें युद्ध जवळ येतांच ब्रिटिश सरकारनेंच जुन्या टोपांत नवीं अस्तरें घातलीं होतीं. असा टोप खोटा नव्हे. त्यानें दोन पिढ्यांचीं डोकीं राखिलीं. उलट गंजलेल्या पोलादांत कोरें अस्तर दिसल्यास मात्र सावध व्हावें.

इटलींत 10 जुलै 1944 रोजीं यशवंत घाडगे यांनीं आणि 9 एप्रिल 1945 रोजीं नामदेव जाधव यांनीं गाजविलेल्या पराक्रमाबद्दल त्यांस व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घाडगे त्याच दिवशीं धारातीर्थीं पडले. त्यांचीं नांवें इतिहासांत राहिलीं. परंतु इतर कित्येक शिपायांनीं आपलें नांव वा क्रमांक अस्तरावर शाईनें लिहिला होता. तीच त्यांची नोंद.

परसांतल्या त्या टोपाच्या माथ्यावर स्क्रू अजून होता, म्हणूनच त्यांत पाणी टिकत होतें. त्यावरून आम्हांस नमुना ओळखतां आला, माणूस नाहीं. वाचकांच्या घरीं असा टोप असल्यास अस्तर धुवूं नये, उचकटूं नये, त्यास तेल लावूं नये. कोरड्या जागीं सुती कापडांत गुंडाळून ठेवावें, आणि घरांतील वडीलधाऱ्यांकडून त्याच्या धन्याचें नांव आजच लिहून घ्यावें.