नेम धरण्याआधीचे गणित



आषाढी ते कार्तिकी पंढरपुरात घरोघरी काही ना काही नेम असतो. समजा, एखादीने ठरवले की पहिल्या तिथीला दानाच्या डब्यात १ रुपया, दुसरीला २, असा रोज एकेक वाढवायचा. अधिक मास नसेल तर चार महिन्यांच्या १२० तिथी. एकूण किती?

ही रीत आर्यभटांनाही ठाऊक होती. पुढे नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, जैन गणिती महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ या संस्कृत ग्रंथात ती सविस्तर मांडली. पहिली संख्या ‘आदि’, रोजची वाढ ‘चय’, किती वेळा ते ‘गच्छ’. आपल्या सोलापुरातूनच १९६३ साली जैन संस्कृति संरक्षक संघाने हा ग्रंथ हिंदी अनुवादासह छापला.

आता हिशेब. पहिला १ आणि शेवटचा १२० मिळून १२१. अशा जोड्या ६०. म्हणजे ७,२६० रुपये.

महावीराचार्य इथे थांबत नाहीत. बेरजेला ते ‘संकलित’ म्हणतात आणि एकूण बेरजेतून सुरुवातीचा भाग वजा करण्याला ‘व्युत्कलित’. पहिल्या ९० तिथींचे ४,०९५ वजा केले की शेवटच्या महिन्याचे उरतात ३,१६५. पहिल्या महिन्यात मात्र फक्त ४६५ लागलेले असतात!

रोजंदारीवरच्या घराला ऐन दिवाळीच्या खर्चात हे जड जाईल. घेतलेला नेम मोडू नये असे आपण म्हणतो. मग तो घेण्याआधी मोजणे हाही धर्मच. झेपत नसेल तर रोज १० रुपये ठेवा. १,२०० होतील आणि नेमही पुरा होईल.